एसटीने ब्रेक मारला की आपल्याला पुढे कोण ढकलतं?

नववीची आई:
मुलीचा विज्ञानाचा पहिलाच धडा 'गतीचे नियम'. व्याख्या तोंडपाठ आहे. परवा चिपळूणहून गुहागरला येताना एसटीसमोर गाय आडवी आली, ब्रेक लागला आणि उभ्या असलेल्या आम्ही दोघी पुढच्या माणसावर आदळलो. घरी आल्यावर ती म्हणाली, "आई, बल लावल्याशिवाय गती बदलत नाही ना? मग आपल्याला ढकललं कुणी?" मी म्हटलं, जडत्वाने. "म्हणजे जडत्व हे बल आहे का?" इथे मी अडकले. तिची दुसरी शंका अशी, की पायडल मारणं थांबवलं की सायकल थांबते, मग गती टिकवायला बल लागतंच की! कुणी समजावून सांगाल का?

निवृत्त शिक्षक:
ताई, मुलीने नेमक्या जागी बोट ठेवलंय, तिला आधी शाबासकी द्या. जडत्व हे बल नाही; वस्तू आहे त्या स्थितीत किंवा आहे त्या गतीत राहू पाहते, त्या गुणाला जडत्व म्हणतात. ते ढकलतही नाही, ओढतही नाही. तुम्हाला पुढे कुणीच ढकललं नाही, कारण गाडीच्या वेगाने तुम्ही आधीपासून पुढेच चालला होता. ब्रेकने गाडी मंदावली, तिच्या फरशीशी असलेल्या घर्षणाने तुमची पावलंही मंदावली, पण कमरेच्या वरचं अंग जुन्याच वेगाने जात राहिलं. रस्त्यात उभ्या त्या गाईच्या जागेवरून हे पाहा, म्हणजे ढकलणारं कुणी दिसणारच नाही.

आता आकडे घ्या. गाडी ताशी ५४ किमी वेगाने, म्हणजे सेकंदाला १५ मीटर, आणि ३ सेकंदांत थांबली असं धरू. दर सेकंदाला वेग ५ मीटर/सेकंदाने कमी झाला. मुलगी ४० किलोची असेल तर तिला गाडीबरोबर थांबायला ४० × ५ = २०० न्यूटन बल हवं, तेही मागच्या दिशेने. साधारण २० किलोची गोणी उचलून धरायला लागतं तेवढं. वरची दांडी आणि पायाखालची फरशी यांनी मिळून ते द्यायचं असतं. ते कमी पडलं, म्हणून आदळलात. न्यूटनचा दुसरा नियम (बल = वस्तुमान × वेगातला दर सेकंदाचा बदल) इथेच कामाला येतो.

सायकल थांबते ती घर्षण आणि हवेच्या विरोधामुळे. घरी कॅरम असेल तर पावडर न टाकता स्ट्रायकर मारा, मग पावडर टाकून तेवढ्याच जोराने मारा; पावडरने घर्षण कमी झालं की तो किती लांब जातो ते पाहा.

एसटीचा माजी चालक:
सरांचं पटलं. गाडी भरली की ४५ माणसांचं अडीच-तीन टन वजन वाढतं आणि तोच ब्रेक अपुरा वाटायला लागतो. म्हणून भरलेली गाडी घाटात उतरताना आम्ही आधीच खालच्या गिअरला घ्यायचो. वळणाचंही तसंच, ताई. गाडी डावीकडे वळते, माणूस मात्र सरळच जाऊ पाहतो, म्हणून उजवीकडे कलतो. मुलीला सांगा, उभं राहायचं तर पाय फाकवून आणि दांडी घट्ट धरून.

नववीची आई:
काल रात्री कॅरम मांडला. पावडरशिवाय स्ट्रायकर जेमतेम समोरच्या फळीला टेकला, पावडर टाकल्यावर फळीवर आपटून थेट आमच्याकडे परत आला. मग तिने आपणहून सोंगट्यांची उतरंड रचली आणि स्ट्रायकरने सगळ्यात खालची सोंगटी उडवली. वरच्या जागच्या जागी खाली बसल्या. वहीत तिने लिहिलंय, "खालची निघून गेली, वरच्यांना कुणी ढकललंच नाही."