अंब्रेला कंपनी म्हणते पावती नको, क्लेम टाका. चालतं का?

बडोदेकर: दादा लंडनला कॉन्ट्रॅक्टवर आहे, पगार अंब्रेला कंपनीतून (म्हणजे काम दुसऱ्याकडे, पण कागदावर नोकरीला ठेवून पगार देणारी मधली कंपनी). ते म्हणतात रोजचं जेवण, घर-ऑफिस ट्रेनभाडं सगळं खर्चात टाका, पावत्या नकोत, सगळेच टाकतात. इकडे रावपुऱ्यात आईला काळजी लागलीये.

रिप्लाय: अजिबात टाकू देऊ नका. ६ एप्रिल २०१६ पासून क्लायंटच्या देखरेखीखाली काम असेल तर घर-ऑफिस प्रवास आणि त्यातल्या जेवणावर टॅक्सची सूट नाही, आणि मुद्दाम खोटं दाखवलं तर तिथलं टॅक्स खातं २० वर्षं मागचं उकरू शकतं.

रिप्लाय: मीपण तिकडे असताना अशाच क्लेमवर सही केली होती, नंतर नोटीस मलाच आली, कंपनी तोवर बंद. दादाला म्हणावं पेस्लिपा जपून ठेव.

बडोदेकर: आजच फोन करते त्याला.