बागेतल्या ओढ्याकाठचं 'गवत' साफ करणार आहेत, काय करता येईल?

पोस्टकाकू:
गावाचं नाव लिहीत नाही, आमच्या सोसायटीतले निम्मे लोक इथेच वाचत असतात. मी पोस्टातून निवृत्त झाले. रोज सकाळी आमच्या सार्वजनिक बागेत चालायला जाते. बागेच्या मागच्या अंगाने ओढा वाहतो. पूल ते पंपघर, माझी साडेचारशे पावलं. एवढ्याच पट्ट्यात अजून कुणी फरशी घातलेली नाही. उंबर आहेत, करंज आहेत, निर्गुडी आहे, खाली पाण्यात पाणकणीस आणि लव्हाळा. घाणेरी आणि सुबाभूळही माजलेत, खोटं कशाला बोलू. पाण्यावर झुकलेल्या एका बाभळीवर दर पावसाळ्यात सुगरणींचे खोपे लटकतात. मागच्या वर्षी मी एकोणीस मोजले.

आता तिथे 'ओढा सुशोभीकरण' आलंय. दोन्ही बाजूंना काँक्रीटची भिंत, वर पेव्हर ब्लॉकचा ट्रॅक. झाडांवर पिवळे नंबर पडले. साइटवरच्या मुकादमाला विचारलं तर म्हणाला, "काकू, नंबरवालं एकही झाड तोडणार नाही, फक्त गवत आणि झुडपं." मला बरं वाटलं. घरी येऊन चहा ठेवला आणि डोक्यात आलं, बाभळीला नंबर आहे, पण सुगरण खोपा विणते तो गवताच्या पात्यांनी. गवताला नंबर कोण देणार?

सोसायटीच्या ग्रुपवर हे लिहिलं तर उत्तर आलं, "साप आणि डास पाळायचेत का?" कामाला पावसाआधी हात घालणार म्हणतात. मी कुठे आणि काय लिहून देऊ? वकील परवडणार नाही.

निवृत्त_ओव्हरसियर:
काकू, मी अशा कामांची अंदाजपत्रकं केलेली आहेत, म्हणून सांगतो. 'झुडपे काढून जागा साफ करणे' ही त्यात वेगळी बाब असते आणि तिचे पैसे चौरस मीटरवर मिळतात. जेवढं जास्त साफ, तेवढं बिल मोठं. जेसीबीवाल्याला निर्गुडी आणि घाणेरी यांत फरक करायचं कारणच नाही. त्यामुळे मुकादमाशी बोलून काही होणार नाही, अंदाजपत्रकातली ती बाब बदलली तरच पट्टा वाचेल.

माहिती अधिकारात अर्ज करा. फी 10 रुपये, उत्तराला मुदत 30 दिवस. अंदाजपत्रक, वर्क ऑर्डर, आडवे छेद (भिंत बांधल्यावर पात्राची रुंदी किती उरते ते त्यात दिसतं) आणि पूररेषेचा नकाशा मागा. निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणारा. छोट्या ओढ्यावर कित्येकदा रेषा आखलेलीच नसते. तसं असेल तर तेच लेखी घ्या, पुढे फार कामाला येतं. पण 30 दिवसांची वाट बघत बसू नका. त्याच दिवशी उद्यान विभाग आणि काम काढणारा विभाग, दोघांना साधं पत्र द्या आणि पोच घ्या. पोस्टातल्या बाईला पोच कशी घ्यायची ते मी काय सांगणार!

झाडांचं म्हणाल तर नागरी भागातल्या झाडांसाठी 1975 चा कायदा आहे. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षांवरच्या झाडांना पुरातन वृक्ष म्हणून वेगळं संरक्षण दिलं. त्या उंबरांचं वय विचारा. लव्हाळ्याला मात्र त्या कायद्यात जागा नाही, तुमची शंका रास्त आहे.

आंबिलकाठ:
पुण्याचा आहे. 25 सप्टेंबर 2019 ची रात्र आम्ही गच्चीवर काढली. कात्रजच्या बाजूने आंबिल ओढ्याला लोंढा आला, सोसायट्यांच्या भिंती पडल्या, गाड्या काड्यापेट्यांसारख्या वाहून गेल्या. त्या पावसात पुणे परिसरात वीसहून जास्त माणसं गेली. पेशवाईत वळवलेला ओढा तो, आणि नंतर प्रत्येकाने आपल्या बाजूने हात-दोन हात आवळत नेला. तुमच्या ग्रुपवर एवढंच विचारा, भिंतीमुळे वेग वाढलेलं पाणी पुलाखालच्या वस्तीत किती वाजता पोहोचेल? पुरात लव्हाळं वाचतं हे आपण शाळेत घोकलं. लव्हाळ्यामुळे काठ वाचतो हे कुणी घोकून घेतलं नाही.

रोपवाला:
सापाबद्दल: पाण्याकाठी दिसतो तो बहुतेक वेळा दिवड. बिनविषारी, बेडूक-मासे खाणारा. चिडला की चावतो खरा, पण विष नाही. तरी पायवाटेलगतचं गवत कापलेलंच बरं, त्यावर वाद घालू नका. डेंगीचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात होतो, म्हणजे कुंडीखालच्या ताटल्या आणि गच्चीवरचे टायर. वाहत्या ओढ्यात डासांच्या अळ्या खायला मासे आणि चतुरांची पिल्लं असतात. फरशी घातलेल्या तळात खाचखळग्यांत डबकी साचतात आणि खाणारं कुणी उरत नाही.

आणि काकू, घाणेरी-सुबाभूळ काढायला तुम्ही स्वतःहून हो म्हणा. 'काहीच हलवू नका' म्हणणाऱ्या माणसाचं कुणी ऐकत नाही.

कलांगचा_कोकणी:
सिंगापुरात राहतो. इथल्या बिशान बागेतून कलांग नदी 2.7 किलोमीटरच्या सरळ काँक्रीटच्या कालव्यातून जायची. तो कालवा फोडून 3.2 किलोमीटरची वळणावळणाची नदी केली, काठ दगड आणि झाडांच्या मुळांनी बांधले. 2012 पासून तशीच आहे. जोराचा पाऊस आला की भोंगा वाजतो, लोक वर सरकतात, बागेचा काही भाग पाण्याखाली जातो आणि नंतर पोरं परत तिथेच खेळतात. आपल्याकडे हे उदाहरण दिलं की 'ते सिंगापूर आहे हो' म्हणतात. पण त्यांनीही आधी काँक्रीटच केलं होतं, मग पैसे घालून काढलं. तुमच्याकडे तर अजून घातलेलंच नाही.

पोस्टकाकू:
सगळ्यांचे आभार. दोन्ही पत्रं दिली, पोच घेतली (शिक्का पुसट होता, परत मारून घेतला). रोपवाल्यांचं ऐकून वेगळं लिहिलं: पायवाटेपासून चार हात साफ करा, घाणेरी-सुबाभूळ मुळासकट काढा, त्याखाली पाण्यापर्यंत मशीन उतरवू नका. सोसायटीतल्या साप-डासवाल्या काकांनी यावर सही केली. त्यांची गाडी तळमजल्यावर असते, आंबिल ओढ्याचं वाचून दाखवलं तेव्हा गप्प झाले. साहेब म्हणाले, "भिंतीचं माझ्या हातात नाही, पण सफाईची बाब बघतो." बघतो म्हणजे काय ते पोस्टात पस्तीस वर्षं काढल्यावर मला कळतं, तरी सोमवारी पुन्हा जाणार आहे.

एक विचारायचं राहिलं. घाणेरी निघाली की तो काठ उघडा पडेल. तिथे काय लावू?

रोपवाला:
विकत काही आणू नका. तुमच्याच निर्गुडीच्या हातभर लांब, अंगठ्याएवढ्या जाड फांद्या घ्या. जवळपास वाळुंज असेल तर त्याच्याही. पाऊस धरला की ओल्या काठात तिरक्या खोचा, डोळे वरच्या बाजूला. दर हातावर एक. बकऱ्या येत असतील तर वर बाभळीचे काटे टाका, पण ते खोप्यांच्या बाभळीचे नकोत.