भागधारक, हितधारक की हितसंबंधी?

मूळ प्रश्न
साखरयुक्त पेयांवरच्या कराबद्दलच्या एका धोरण-मसुद्याचं मराठीकरण करतोय. आधीच्या भाषांतरकाराने 'स्टेकहोल्डर'ला (म्हणजे एखाद्या निर्णयात ज्याचं काहीतरी गुंतलंय असा कुणीही) सरसकट 'भागधारक' लावून ठेवलंय. त्यातून असं वाक्य तयार झालंय: 'कराचा दर ठरवण्यापूर्वी सर्व भागधारकांशी विचारविनिमय केला जाईल.' म्हणजे पेयकंपनीचे शेअर ज्यांच्याकडे आहेत त्यांना विचारून कर लावायचा! (प्रत्यक्षात कधी तसंही होत असेल, पण मसुद्याला ते म्हणायचं नाहीये.) भागधारक म्हणजे शेअरहोल्डर. भागभांडवल, भागबाजार हे शब्द त्याला असे चिकटलेत की आता त्याला दुसऱ्या कामाला जुंपता येत नाही. 'हितधारक' हिंदीतून आलाय आणि माझ्या कानाला अजून परकाच आहे. 'हितसंबंधी' बरा वाटतो, पण 'त्यांचे हितसंबंध गुंतलेत' असं आपण कुणाचं कौतुक करताना म्हणत नाही. मसुद्यात हा शब्द चाळीसेक वेळा आहे, त्यामुळे एकदाच काय तो निकाल लावायचाय.

प्रतिसाद १
'संबंधित घटक' लिहा आणि मोकळे व्हा. वर्तमानपत्रं वर्षानुवर्षं 'सर्व संबंधित घटकांशी चर्चा करून' छापतायत, वाचणाऱ्याचं काही अडलेलं नाही.

मूळ प्रश्नकर्ता
लिहून पाहिलं. पुढचाच परिच्छेद वेष्टनावरच्या माहितीचा आहे: 'घटकांची यादी ठळक अक्षरांत द्यावी.' आता ही यादी साखर, आम्लं आणि रंगांची, की बैठकीला बोलावलेल्यांची? खाण्यापिण्याच्या कागदात 'घटक' आधीच कामाला लागलेला असतो.

प्रतिसाद २
इंग्रजी शब्दाचं मूळ पाहिलंत तर गंमत आहे. अठराव्या शतकात स्टेकहोल्डर म्हणजे पैज लावणाऱ्या दोघांचे पैसे सांभाळणारा तिसरा माणूस. कुणीही जिंकलं तरी त्याला काही मिळत नाही, म्हणून तर पैसे त्याच्याकडे. आजचा अर्थ पार उलटा: ज्याचं काहीतरी पणाला लागलंय तो. हा अर्थ १९६३च्या सुमारास अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत पुढे आला, आणि एडवर्ड फ्रीमन यांनी १९८४ मध्ये तो व्यवस्थापनशास्त्रात रुजवला. तिथे कंपनी मधोमध होती आणि कामगार, गिऱ्हाइकं, पुरवठादार तिच्याभोवती. म्हणजे कंपनीने कुणाकुणाचा विचार करावा, हे सांगणारा तो शब्द. सरकारी धोरणात शिरताना चित्र फिरलं. आता मधोमध धोरण, आणि कंपनीच कडेला येऊन 'मीही एक' म्हणत बसलीय.

प्रतिसाद ३
मी सार्वजनिक आरोग्य शिकवते, म्हणून जरा लांबण लावते. तुमची अडचण मराठीची नाहीच, मूळ शब्दच सोयीचा आहे. मधुमेही, शाळकरी मूल, दंतवैद्य आणि बाटली विकणारा, चौघांना तो एका पंगतीत बसवतो.

तंबाखूबाबत ही पंगत मोडली. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण करारातलं (२००३) कलम ५.३ सांगतं की धोरण तंबाखू उद्योगाच्या व्यापारी आणि इतर हितसंबंधांपासून जपायचं. तिथे 'हितसंबंध' हाच शब्द चपखल बसतो, त्याच्या सगळ्या वासासकट. अन्न आणि पेय उद्योगासाठी असा करार नाही. २०१६ मध्ये संघटनेने बाहेरच्यांशी वागण्याची चौकट ठरवली, तिच्यातही तंबाखू आणि शस्त्र उद्योगांशी संबंधच ठेवायचा नाही असं आहे. असंसर्गजन्य आजारांना हातभार लावणाऱ्या बाकीच्यांशी फक्त 'विशेष सावधगिरी'.

एका पंगतीचं काय होतं ते ब्रिटनने २०११ मध्ये पाहिलं. सरकारने अन्न आणि मद्य कंपन्यांना आरोग्यासाठी 'भागीदार' केलं (बघा, पुन्हा 'भाग'!) आणि त्यांच्याकडून ऐच्छिक वचनं घेतली. मद्याच्या वचनांवर सही करायला सहा आरोग्यसंस्थांनी नकार दिला, त्यांत तिथल्या डॉक्टरांची मुख्य संघटनाही होती. पुढे त्याच देशात पेयांवर साखरेच्या प्रमाणानुसार कर आला, एप्रिल २०१८ पासून: १०० मिलीला ५ ग्रॅमपासून एक दर, ८ ग्रॅमपासून त्याहून चढा. कर जाहीर झाला २०१६ मध्ये, आणि तो लागू व्हायच्या आतच कितीतरी पेयांमधली साखर ५ ग्रॅमच्या खाली उतरली. वचनांना जे जमलं नाही ते तारखेने केलं.

तेव्हा 'हितसंबंधी'ला वाईट वास येतो म्हणून टाळू नका. कंपनीसाठी तोच वापरा. फक्त मधुमेही माणसाला त्यात कोंबू नका.

प्रतिसाद ४
'वाटेकरी' कुणालाच कसा आठवला नाही? वाल्या कोळ्याच्या घरचे लुटीत वाटेकरी होते, पापात नाही. साखरपेयाच्या धंद्यातही नफ्याचे वाटेकरी ठरलेले, दाताच्या आणि इन्शुलिनच्या खर्चाला मात्र ज्याचा तो. मसुद्यात चालणार नाही हे कळतंय, पण अर्थ याच शब्दात आहे.

प्रतिसाद ५
थोडं अवांतर. याच मसुद्यात 'फ्री शुगर्स'ना 'मुक्त साखर' केलंय का? तर लगेच बदला. डब्यावर 'साखरमुक्त' वाचायची सवय झालेल्या माणसाला 'मुक्त साखर कमी ठेवा' म्हणजे शुगर-फ्री कमी खा असं वाटतं. माझ्या सासूबाईंनी अगदी हाच अर्थ लावला होता. 'वरून घातलेली साखर'ही पुरत नाही, कारण फळांच्या रसातली आणि मधातली साखरही या हिशेबात धरतात. अख्ख्या फळातली आणि दुधातली नाही. मी 'सुटी साखर' लिहितो, पहिल्यांदा येईल तिथे कंसात खुलासा देऊन. प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५च्या मार्गदर्शनाप्रमाणे एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली, म्हणजे २००० कॅलरींच्या आहारात साधारण ५० ग्रॅम. ३३० मिलीच्या एका डब्यात १०० मिलीला १०.६ ग्रॅम साखर असेल तर तिथेच ३५ ग्रॅम संपले.

प्रतिसाद १
'सुटी साखर' म्हणजे पोत्यातली, वजनावर मिळणारी असं नाही का वाटणार?

प्रतिसाद ५
वाटेल, म्हणूनच तर कंस. निदान उलटा अर्थ तरी निघत नाही.

मूळ प्रश्नकर्ता
सगळ्यांचे आभार. 'सुटी साखर' घेतली, 'वाटेकरी' मनात ठेवला. स्टेकहोल्डर मात्र फोडला. ज्यांच्या तब्येतीचा प्रश्न आहे तिथे 'ज्यांच्यावर परिणाम होतो ते', ज्यांचा धंदा आहे तिथे 'हितसंबंधी उद्योग', आणि जिथे वाक्यावरून कळतंय तिथे सरळ 'पेय उत्पादक व विक्रेते'. वाक्यं लांबली, पण कोण कुठे बसलंय ते दिसायला लागलं.

काल मसुदा तपासून परत आला. सगळीकडे 'हितधारक' केलंय आणि समासात लिहिलंय: 'मूळ शब्द एकच असताना भाषांतरात तीन का?' परवापर्यंत लेखी उत्तर द्यायचंय. दोन ओळींत मावेल असं काही सुचतंय का?