मदत हवी आहे: मलमलच्या कुर्त्यावर आभल्यांचं काम, धुतल्यावर चुण्या आणि झोळ

कापूसरेषा (वडोदरा)

नमस्कार. उन्हाळ्यासाठी तीन वस्तूंचा संच करते आहे: गळ्याभोवती आभल्यांचा (छोट्या आरशांचा) योक, म्हणजे गळ्यालगतचा भरलेला भाग, असलेला पांढऱ्या मलमलचा कुर्ता, त्याच मलमलची ओढणी आणि अजरखचे (ठशांनी छापलेल्या कापडाचे) तुकडे कटाबसारखे, म्हणजे वरून शिवून, लावलेली कॅनव्हासची पिशवी. कुर्त्याचा नमुना धुऊन पाहिला तर पुढच्या गोष्टी दिसल्या.

प्रत्येक आभल्याभोवती कापड गोळा होऊन चांदणीसारख्या चुण्या पडल्या आहेत. गळ्याखाली मधोमध झोळ येतो, आभले सरळ न राहता पुढे झुकतात. दोन आभले चौकटीतून सरकले, एकाचा धागाच तुटला. जांभळ्या पेननं आखलेल्या रेघा इस्त्रीनंतर तपकिरी झाल्या आणि आता निघत नाहीत.

तपशील असा. मलमल ४४ इंच पन्ह्याची, दुकानातून आणली तशीच वापरली. आभले काचेचे, १४ मिमी, एकपदरी मलमलवर. धागा अँकरच्या लडीचा, सहाही पदर. रिंग ८ इंची, लाकडी. योकचा आकार आधी कापला, मग भरतकाम केलं. पूर्ण योकवर ६० आभले बसवायचे आहेत. मागून चिकट बुकरम (इस्त्रीनं चिकटणारं ताठ अस्तर) लावावं का? आणि लडी किती आणाव्यात?

धावदोरा

बुकरम नको. या कापडाचा गुण म्हणजे त्यातून वारा खेळतो. मागून डिंकाचा थर बसला की नेमका छातीवरचा भाग बंद होतो आणि वडोदऱ्याच्या मे महिन्यात तो अंगाला चिकटतो. शिवाय बुकरम आणि मलमल सारखे आटत नाहीत, त्यामुळे दोन-तीन धुण्यांत फुगे येतात.

तुमच्या चुण्यांची कारणं मला चार दिसतात. पहिलं आणि सर्वांत मोठं, कापड न धुता वापरलं. लडीचा मर्सराइज्ड (चमकेसाठी प्रक्रिया केलेला सुती) धागा फारसा आटत नाही, मलमल चांगली आटते. टाका आहे तेवढाच राहतो आणि भोवतीचं कापड आत ओढलं जातं, म्हणून चुण्या आभल्यापासून किरणांसारख्या निघतात. दुसरं, सहा पदरी धागा मलमलच्या विरळ विणीला फार जाड होतो. प्रत्येक टाक्याला ताणे-बाणे बाजूला सारले जातात आणि ते परत जागेवर येत नाहीत. तिसरं, आकार आधी कापल्यामुळे गळ्याची गोलाई उरेब (तिरक्या धाग्यावर) झाली आणि रिंग कसताना ती ताणली गेली. चौथं, मागची बाजू बघा. एका आभल्यापासून दुसऱ्यापर्यंत धागा तसाच ओढत नेला असेल तर तो दोरीसारखा कापड खेचतो. अंतर १ सेंमीपेक्षा जास्त असेल तर धागा तिथेच बंद करून पुढे नवा सुरू करायचा.

आता आटण्याचं माप. कापडावर ५० सेंमी बाय ५० सेंमीचा चौकोन कच्च्या दोऱ्यानं आखा, कोमट पाण्यात रात्रभर भिजवा, धुवा, वाळवा, इस्त्री करून मोजा. उभ्या धाग्यात ४८ भरलं तर आटणं ४ टक्के. ४२ इंची कुर्त्यात ते जवळजवळ पावणेदोन इंच होतं. एका धुण्यावर थांबू नका, दुसऱ्यातही मलमल थोडी आटते. दोनदा धुऊन मगच कात्री.

झोळाचं कारण वजनात आहे. १४ मिमीचा, १ मिमी जाडीचा काचेचा आभला साधारण ०.४ ग्रॅमचा. ६० आभले म्हणजे २४ ग्रॅम, आणि ही मलमल मीटरला ७०-८० ग्रॅमच्या आसपास असते. मीटरभर कापडाच्या जवळजवळ एक तृतीयांश वजन तुम्ही दोन वितींच्या जागेत लटकवताय. एकपदरी मलमल ते पेलणार नाही, कितीही नीट टाका घाला.

उपाय त्याच मलमलचा दुसरा थर. दोन्ही थर एकत्र धुतलेले हवेत आणि दोघांचा उभा धागा एकाच दिशेला हवा. एक उभा आणि एक आडवा ठेवला तर पुन्हा तेच आटण्याचं त्रांगडं. २-२ इंचांवर उभे-आडवे कच्चे टाके घालून थर जोडा. आणि हा आतला थर गळ्याभोवती पट्टीसारखा कापू नका. तो वर खांद्याच्या शिवणीपर्यंत न्या आणि त्या शिवणीत पकडा. वजन गळ्याच्या कडेवर न येता खांद्यावर गेलं पाहिजे. खाली योकच्या शेवटच्या आभल्याच्या दीड इंच पुढे तो संपवा, कड दुमडू नका, फक्त पिंकिंग (नागमोडी कडेच्या) कात्रीनं कापा. दुमडली तर बाहेरून रेघ दिसते.

जड कामाला मागून आधार हवा ही जुनीच समज आहे. बडोद्याचा तो प्रसिद्ध मोत्यांचा गालिचा, खंडेराव महाराजांनी १८६५ च्या सुमारास करवून घेतलेला, त्यातही रेशमाच्या जोडीला हरणाचं मऊ कातडं आहे. नुसत्या रेशमावर एवढे मोती तगले नसते.

उरेब_पट्टी

धावदोरा यांच्याशी सहमत, फक्त क्रमाबद्दल जास्त ठामपणे सांगते, कारण इथेच बहुतेक योक बिघडतात. आकार आधी कापायचाच नाही. योकपेक्षा चारही बाजूंनी ३ इंच मोठा आयत घ्या, सरळ धाग्यावर फाडून. त्यावर योकची बाह्यरेषा, मध्यरेषा आणि खांद्याची रेषा कच्च्या दोऱ्यानं उतरवा. सगळं भरतकाम त्या आयतावर करा, धुवा, उलट्या बाजूनं जाड टॉवेलवर इस्त्री करा, मग कागदी पॅटर्न पुन्हा ठेवून कापा. भरतकामानं कापड थोडं आवळतंच, त्यामुळे सुरुवातीची रेषा शेवटी कापण्याची रेषा नसते.

शिवणीच्या रेषेपासून पहिल्या आभल्याची कड किमान दीड सेंमी आत हवी. त्याहून जवळ असेल तर मशीनचा पाय आभल्यावर चढतो, सुई मोडते किंवा काच तडकते. चेन लावायचा एकतर्फी पाय घातला तर थोडी सोय होते, पण त्या भरवशावर आभले शिवणीला चिकटवू नका.

रिंगबद्दल: आतल्या कडीला सुती पट्टी गुंडाळा, म्हणजे मलमल घसरत नाही आणि डागही पडत नाही. कसताना उभ्या आणि आडव्या धाग्याच्या दिशेनंच ओढा, कोपऱ्यातून कधीच नाही. काम थांबलं की रिंग काढा. शिवून झालेल्या आभल्यावर रिंग चढवू नका. काचेवर दाब येतो आणि धाग्याची चौकट सैल होते.

पातळ खळ दिली तर काम फार सोपं होतं. १ लिटर पाण्याला १ मोठा चमचा आरारूट, आधी थोड्या गार पाण्यात कालवून मग उकळत्या पाण्यात. मलमल कागदासारखी सरळ राहते, धागे सरकत नाहीत. मात्र पावसाळ्यापूर्वी खळ धुऊन टाका, नाहीतर कसर लागते आणि बुरशीचे ठिपके पडतात.

टाका_टाका

आभला सरकणं आणि धागा तुटणं, यावर लिहिते.

तुटण्याचं कारण काचेची कड. हातानं कापलेल्या आभल्यांना बारीक धार राहते. शिवण्याआधी प्रत्येकाची कड बोटाच्या पेराला नव्हे, जुन्या नायलॉनच्या मोज्याला घासून पाहा. अडकला तर बारीक पॉलिश पेपर ओला करून त्यावर कड फिरवा. तरीही खवला निघत असेल तो आभला बाजूला टाका.

सरकण्याचं कारण पायाची चौकट (आभला धरून ठेवणारे पहिले उभे-आडवे धागे) फार कडेला असणं. पाया दुहेरी शिवणदोऱ्यानं घाला, लडीच्या धाग्यानं नको. शिवणदोरा पिळाचा असतो, घट्ट राहतो. आभल्याचे तीन उभे भाग मनात पाडा. डाव्या तृतीयांशावरून एक उभा धागा, उजव्यावरून दुसरा. सुई दरवेळी काचेच्या अगदी कडेला कापडात जाते. मग आडवे दोन, आणि प्रत्येक छेदावर आडवा धागा उभ्याखालून एक वेढा घेऊन पुढे जातो. हा वेढा राहिला तर चौकट दोन सुट्या जोड्यांसारखी वागते आणि पुढे उघडते. मधे छोटा चौकोन दिसला पाहिजे, जेमतेम ४-५ मिमीचा. तो फार लहान वाटतो, पण सजावटीचे टाके त्याला चारही बाजूंनी बाहेर ओढतात आणि शेवटी ८-९ मिमीचं गोल भिंग उघडं राहतं. सुरुवातीलाच चौकोन मोठा ठेवला तर ओढल्यावर धागे कडेवरून निसटतात. तुमचे दोन आभले बहुधा असेच गेले. १६ मिमीच्या वरच्या आभल्याला तिरके चार धागे आणखी घाला.

वरचा टाका लडीच्या तीन पदरांनी, ७ नंबरच्या भरतकामाच्या सुईनं. पदर एकेक वेगळा काढून मग तीन जुळवा. एकदम तीन ओढले तर पीळ राहतो आणि टाका चमकत नाही. सुई काचेच्या कडेला बाहेर काढा. चौकटीखालून मध्याकडून बाहेर आणा, धागा सुईखाली ठेवून ओढा: एक काज झालं. मग कडेलगत कापडात २ मिमीचा साखळी टाका. एक काज, एक साखळी, असं गोल. १४ मिमीला २० ते २४ काजं बसतात. ओढ सगळीकडे सारखी ठेवा. एका बाजूला जास्त ओढलं की भिंग लंबगोल दिसतं.

आभला जागेवर धरायला फेव्हिकॉल लावू नका. सुकल्यावर सुई अडते आणि मलमलवर पिवळा डाग उमटतो. अंगठ्यानं दाबणं पुरेसं आहे.

हिशोब: वरच्या टाक्याला एका आभल्यामागे अर्धा मीटर धरा. लडी ८ मीटरची, सहा पदरी. तीन पदरांनी १६ मीटर होतो, म्हणजे तुकडे वाया जाणं धरून २८ आभले. ६० ला दोनाहून थोड्या जास्त लागतील, म्हणून एकाच रंगाच्या ३ लडी घ्या आणि तिन्हींचा लॉट नंबर एकच आहे ना, ते लडीच्या कागदी पट्टीवर बघून घ्या. तुमच्या वडोदऱ्याच्या मंगळ बाजारात नंतर पुन्हा गेलात तर रंगाचा तोच नंबर मिळेल, तीच छटा मिळेलच असं नाही.

कापूसरेषा

खूप उपयोगी. छेदावरचा वेढा नमुन्यात घातलेला नाही, हे आता मागून बघितल्यावर स्पष्ट दिसतंय. तीन शंका राहतात. पेनच्या रेघांचं काय? ऑर्गन्झाचा आधार चालेल का? आणि पिशवीचा अजरख पुसल्यावर पांढऱ्या रुमालाला निळा लागतो, मीठ-व्हिनेगर करू का?

धावदोरा

बाजारातला ऑर्गन्झा बहुतेक वेळा पॉलिस्टरचा असतो. आकार उत्तम धरतो, पण कापलेली कड घामेजलेल्या त्वचेला टोचते. ओढणीच्या कोपऱ्यांना चालेल, कुर्त्याला नाही. ओढणीला आभले फक्त कोपऱ्यांत आणि १० मिमीचेच ठेवा, बाकी किनार धावदोऱ्याची. पदर जड झाला तर तो खांद्यावर टिकत नाही.

उरेब_पट्टी

जांभळी आणि निळी शाई पाण्यानं किंवा हवेनं जाते, पण इस्त्रीची उष्णता लागली की ती कायमची बसू शकते. नियम एकच: आधी साध्या गार पाण्यानं पूर्ण काढायची, साबणाशिवाय, मग इस्त्री. तुमच्या नमुन्यावरच्या आता बहुधा निघणार नाहीत. इस्त्रीनं पुसणारे पेन उलटे वागतात. रेघ उष्णतेनं दिसेनाशी होते, थंडीत परत उमटू शकते. आणि उन्हात तापलेल्या गाडीत कापड राहिलं तर काम व्हायच्या आधीच नक्षी गायब. पांढऱ्या मलमलसाठी मी पातळ बटरपेपरच सुचवेन. नक्षी त्यावर काढा, कापडावर टाचा, कागदासकट बारीक धावदोरा घाला आणि कागद फाडून काढा. वेळ लागतो, पण कापडावर काहीच राहत नाही.

टाका_टाका

अजरखच्या निळीचा थर धाग्याच्या पृष्ठभागावर बसतो, म्हणून घासल्यावर ती लागते. मीठ किंवा व्हिनेगरनं ती पक्की होत नाही, आणि आभले लावल्यावर व्हिनेगरमध्ये भिजवलंत तर काचेमागचा मुलामाही खराब होईल. तुकडे लावण्याआधी गार पाण्यात सौम्य साबणानं वेगळे धुवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग कोरड्या पांढऱ्या कापडानं घासून बघा आणि ओल्यानंही. कोरड्याला किंचित लागलं तर पिशवीला चालतं, ओल्याला भरपूर लागत असेल तर तो तुकडा वापरू नका. कसंही असलं तरी हे तुकडे पांढऱ्या कुर्त्यावर लावू नका आणि पिशवी कुर्त्यासोबत धुऊ नका.

पिशवीचा कॅनव्हास शिवताना मशीनला १६ नंबरची सुई लावा, बंदाच्या टोकांना चौकोनी शिलाई आणि त्यात फुली. मलमलला मात्र ९ किंवा ११ नंबर, टाका २ ते अडीच मिमी. तीच सुई दोन्हीला वापरली तर मलमलवर भोकं राहतात.

कापूसरेषा

कुर्त्याच्या बाजूच्या शिवणींना ओव्हरलॉक करू की दुसरं काही?

उरेब_पट्टी

ओव्हरलॉकचा जाड धागा मलमलमधून दिसतो. फ्रेंच शिवण घाला. कापताना माया (शिवणीबाहेरचं जादा कापड) १२ मिमी सोडा. आधी उलट्या बाजू समोरासमोर ठेवून ५ मिमीवर शिलाई, कडा ३ मिमीपर्यंत छाटा, उलटवून सुलट्या बाजू आत घ्या आणि ७ मिमीवर दुसरी शिलाई. छाटायला कंटाळलात तर धाग्यांची लव बाहेर डोकावते. मुंढ्याची गोलाई असेल तिथे पहिल्या शिलाईनंतर बारीक कातरे द्या, नाहीतर शिवण उभी राहते. खांद्याला मात्र आतला थर धरून चार पदर होतात, तिथे फ्रेंच शिवण जाड पडेल. साधी शिलाई मारा आणि आतल्या थराची माया वर दुमडून हातानं बारीक टाके घाला.