मदत हवी आहे: कॅथलिक हायस्कूलमध्ये कोणता डिप्लोमा घ्यावा?

नमस्कार मंडळी. आम्ही ह्यूस्टनजवळ राहतो. लेक ऑगस्टपासून कॅथलिक हायस्कूलला नववीत जाणार. विषय निवडायचा फॉर्म आलाय, त्यात दोन रकाने: साधा डिप्लोमा (म्हणजे शाळा पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र) आणि ऑनर्स, म्हणजे जास्त अवघड विषयांचा.

टेक्सासच्या सरकारी शाळांचं गणित कळलं. पायाभूत 22 क्रेडिट्स (पूर्ण केलेल्या विषयांचे एकक), एंडोर्समेंट (एखाद्या शाखेवर भर) घेतलं की 26, आणि डिस्टिंग्विश्ड या वरच्या पातळीसाठी अल्जेब्रा 2 लागतंच. खाजगी शाळा मात्र स्वतःचे नियम ठरवतात. हिच्या शाळेत चारही वर्षं थिऑलॉजी (धर्मशिक्षण) सक्तीची, शिवाय सेवेचे तास. आम्ही हिंदू, पण त्याबद्दल तक्रार नाही. बायबल वाचून कुणाचं काही बिघडत नाही! प्रश्न आहे तो वेळापत्रकाचा. थिऑलॉजी, स्पॅनिश आणि बँड धरलं की संगणकाला जागाच उरत नाही.

ज्यांची मुलं अशा शाळांतून गेलीत त्यांना विचारते: थिऑलॉजीचे मार्क जीपीएमध्ये (एकूण सरासरीत) धरतात का? ऑनर्स डिप्लोमाचा कॉलेज प्रवेशाला खरंच उपयोग झाला, की कोणते विषय घेतले एवढंच बघतात? राज्याच्या विद्यापीठांत वर्गातल्या वरच्या 10 टक्क्यांना थेट प्रवेशाचा कायदा आहे, पण आमची शाळा रँक काढत नाही. मग तुम्ही काय केलंत?

आणि एक, इथल्या मराठी मंडळाच्या शाळेचा दाखला दाखवून परदेशी भाषेचं क्रेडिट कुणाला मिळालंय का? मिळालं तर स्पॅनिशचा तास सुटेल. काउन्सेलरबाई सगळ्यालाच ‘इट डिपेंड्स’ म्हणतात. फॉर्म शुक्रवारपर्यंत द्यायचाय.