येऊरच्या चढावर गॉगल आतून धुरकटतो, त्याबद्दल

एकाने विचारलंय की ठाण्याजवळचा येऊरचा डोंगर सायकलने चढताना मोटोक्रॉस गॉगल आतून धुरकटतो आणि पुसला की आणखीच. घोळ पुसण्यातच आहे. लेन्सच्या आतल्या बाजूला अँटी-फॉगचा, म्हणजे वाफ धरू न देणारा थर असतो. ओला असताना तो मऊ पडतो. हातमोज्याने घासला की खरवडून निघतो आणि तेवढा पट्टा कायमचा वाफ धरतो. पाणी झटका, मायक्रोफायबरने नुसतं टिपा, सावलीत वाळवा. काच पुसायचा अमोनियावाला स्प्रे पॉलिकार्बोनेटच्या (प्लॅस्टिकच्या) लेन्सला लावू नका. दुहेरी लेन्स असेल तर बादलीत बुडवायची नाही, मधल्या पोकळीत पाणी शिरलं की संपलं.

मुळात चढावर वेग कमी, त्यामुळे फोममधून हवा खेळत नाही, त्यात फोम घामाने भिजलेला. सायकलवर चढताना साधा, खाली फ्रेम नसलेला चष्मा बरा. गॉगल उतारासाठी ठेवा.

पावसात टिअर-ऑफ (लेन्सवर एकावर एक लावलेल्या, एकेक सोलून काढायच्या पातळ फिल्म) घेऊ नका, थरांमध्ये पाणी शिरून सगळं दुधाळ दिसतं. चिखलात रोल-ऑफच, म्हणजे दोरी ओढली की लेन्सवरून पुढे सरकणारी फिल्मची गुंडाळी.

आणि नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर पहाटे कॅटेगरी 3 ची, म्हणजे उन्हासाठीची गडद लेन्स कशाला? ती 8 ते 18 टक्केच प्रकाश आत सोडते. क्लिअर लावा, कॅटेगरी 0.