माळावर झाडं लावायला निघालेल्या मंडळाला कसं समजवावं?

माळकरी:
नमस्कार मंडळी. बारामती तालुक्यातल्या जिरायती पट्ट्यात राहतो, सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यापासून फार लांब नाही. रविवारी कॅमेरा घेऊन गावच्या गायरानात पडून असतो. धाविक पक्ष्याच्या डोळ्याला डोळा भिडवायचा तर पोटावर झोपण्यावाचून गत्यंतर नाही. कोपरात कुसळं घुसतात ती वेगळीच.

अडचण अशी की आमच्या तरुण मंडळानं या पावसाळ्यात त्याच गायरानात झाडं लावायचं ठरवलंय. पोरं चांगली आहेत हो, दरवर्षी पदरमोड करून ओढा साफ करतात. गिरिपुष्प आणि करंजाची रोपं फुकट मिळणार, जेसीबीवाला नुसत्या डिझेलवर यायला तयार. सरपंच तात्या म्हणतात, "ओसाड पडलंय, हिरवं होईल." मी 'तिथं नको' म्हटलं की सगळे असे बघतात की जणू मीच कुऱ्हाड घेऊन निघालोय. कसं बोलू?

पाऊसवाट:
झाडांना विरोध ही नवीनच फॅशन दिसते. बीडला या उन्हाळ्यात येऊन बघा, सावलीला जीव तरसतो. तुमच्या फोटोंसाठी गावानं झाडं लावायची नाहीत का?

खोकड:
पाऊसवाट, सावली हवीच. पण ती शाळेत, रस्त्याकडेला, ओढ्याकाठी, बांधावर. माळ म्हणजे तुटलेलं जंगल नव्हे. पर्जन्यछायेचा भाग, वीतभर मातीखाली मुरूम, तिथं मुळात गवतच राज्य करतं. सरकारदरबारी नोंद 'पडीक' अशी, म्हणून खड्डे घ्यायला सगळ्यांना तीच जागा सापडते.

माळकरी, तुम्ही पाहिलंच असेल, धाविक घरटं बांधत नाही. उघड्या मुरमावर दोन-तीन ठिपकेदार अंडी, काडीसुद्धा नाही. पखुर्डीचंही तसंच. चंडोल फार तर गवताच्या बुडाशी वाटीभर जागा करतो. जूनमध्ये जेसीबी फिरला तर अंडी चाकाखाली. आणि झाडं जगली तरी त्यावर कावळे बसतात, वरून सगळा माळ दिसतो, एक पिल्लू सुटत नाही. हिवाळ्यात येणारे भोवत्या हे शिकारी पक्षी रात्री झाडावर जात नाहीत, गवतातच जमिनीवर उतरतात. त्यांनी कुठं जावं?

पण हे तात्यांना सांगू नका. त्यांना चारा सांगा. गिरिपुष्प, आमच्याकडे उंदीरमारी म्हणतात, दाट वाढलं की खाली मारवेल आणि पवना ही चाऱ्याची गवतं टिकत नाहीत. मग मेंढरं कुणाच्या बांधावर शिरणार आणि भांडण कुणाच्या दारात येणार, हे सरपंचाला वेगळं सांगावं लागत नाही. सोबत एखाद्या म्हाताऱ्या धनगराला न्या. तुमच्या माझ्यापेक्षा त्याचं ऐकतील.

मंडळाच्या हातांना दुसरं काम द्या, नुसतं नको म्हणून भागत नाही. फुलावर यायच्या आत गाजरगवत उपटा. विलायती बाभूळ मुळासकट काढा. वणवा अडवायला होळीच्या आधी जाळपट्टा घ्या. दिवाळीच्या सुमारास मारवेलाचं बी गोळा करा. आणि ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती कागदावर तरी असेलच, २००२ च्या कायद्यानं ती लागते. तिच्या लोक जैवविविधता नोंदवहीत तुमचे फोटो तारखेसह चढवा. पुढच्या सरपंचाच्या वेळी तेच कामाला येतात.

घळ:
खोकडदादांशी सहमत, फक्त एक भर. फोटो ग्रामसभेत मोठे छापून लावा, पण नेटवर टाकताना ठिकाण गाळा. आमच्या भागात लांडग्याच्या घळीचा पत्ता फुटला आणि पुढच्याच रविवारी गाड्या थेट माळावर. मादीनं पिल्लं हलवली. लांडगा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असला तरी तिथं थांबवायला कोण असतं? चाकोरी सोडून गाडी घालणाऱ्याचा फोटो कितीही भारी असो, मी लाइक करत नाही.

माळकरी:
तात्यांकडे जाऊन आलो. पक्ष्यांच्या फोटोंवर "छान आहे" म्हणाले आणि फोन परत दिला. मेंढरांचं काढल्यावर मात्र खुर्ची पुढे ओढली. करंज ओढ्याकाठी आणि शाळेत लावायचं ठरलं. गिरिपुष्पाचं अजून घोंगडं भिजत आहे, रोपं येऊन पडलीत आणि परत कोण नेणार यावर वाद. बांधावर हिरवळीच्या खताला चालेल का? शिवाय मारवेलाचं बी पेरायचं तर जमीन उकरावी लागते की नुसतं फेकून चालतं?

खोकड:
बांधाला उत्तम, फांद्या छाटून शेतात टाका. मारवेलाला नांगर नको, पहिल्या पावसानंतर शेणमातीत कालवून टाका. आणि जेसीबीवाल्याला ओढ्यातला गाळ दाखवा.